लाईन चांगली होती

जमलेल्या मंडळींनो, आणि अप्पांच्या घरच्यांनो,

माइक मीच मागून घेतलाय. तेवीस वर्षं बोललो नाही, आज बोलणार.

वीरभद्र अप्पा आपल्या उदगीरचे टेलिफोन लाईनमन. परवा गेले. माझं नेट कॅफे तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, मोडेम किर्र करून नंबर फिरवायचा. कॉम्प्युटरवर मी लिनक्स बसवलेलं. कुणी शिकवलं नाही. पुस्तकं आणून, वाचून, स्वतः बसवलं. एकेक सेटिंग माझ्या हातचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं तेच अंगाशी आलं.

जोडणी तुटायची. माणूस फॉर्म भरायला बसला, की अर्ध्यात तुटायची. मग मी लॉग काढायचो, म्हणजे मशीन स्वतःची नोंद ठेवतं ती. शेवटच्या तीन ओळी बघायचो. त्यात लिहिलेलं असायचं, जोडणी संपली. झालं! लाईन खराब!

अप्पा आले. सांधे नवे केले. पुन्हा तुटलं. पुन्हा आले, खांबापासून दुकानापर्यंत तार बदलली. पुन्हा तुटलं. मी म्हणालो, "अप्पा, तुम्हाला जमंना गेलंय." ते खांबावरूनच म्हणाले, "इंजिनेर, तार नीट बोलायलीय. तूच ऐकंना गेलास."

मला राग आला. मी लेखी तक्रार केली. एक नाही, चार. शिवाय कॅफेच्या दारावर कागद चिकटवला: लाईनमनच्या हलगर्जीपणामुळे इंटरनेट बंद. साऱ्या गावानं वाचला. अप्पांची दूर लोह्याला बदली ठरली. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि बदली.

दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानात आले. हातात पिशवी नाही, पक्कड नाही. म्हणाले, "आज खांबावर न्हाई चढत. तुझी नोंद वाच. नोड, नोड." बघ म्हणायचं झालं की त्यांच्या तोंडी कानडीच यायची.

मी शेवटच्या तीन ओळी वाचल्या.

"वरून वाच की! मेल्याची वेळ खाली असती. कशानं मेला ते वर असतंय."

वरून वाचलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: दहा मिनिटं काहीच देवाणघेवाण नाही, म्हणून जोडणी बंद करत आहे.

बंद कोण करत होतं? माझंच मशीन. कुणाच्या हुकमानं? माझ्याच. फोन उगाच अडकून राहू नये म्हणून मीच लिहून ठेवलं होतं, सहाशे सेकंद. माणूस फॉर्म वाचत, लिहीत बसला, की तार गप्प. मशीनला वाटायचं, इथं कुणीच नाही.

सेटिंगमधली ती ओळ काढली. दिवसभरात एकदाही तुटलं नाही. मी तक्रारी मागं घेतल्या, बदली थांबली. पण दारावरचा कागद? तो मी गुपचूप फाडला. गावाला वाटलं, अप्पांनी अखेर लाईन दुरुस्त केली. मी तसं वाटू दिलं. अप्पा एवढंच म्हणाले, "लावलास चार माणसांत. काढलास एकट्यानं."

मागल्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात त्यांना भेटलो. मला बघताच म्हणाले, "काय इंजिनेर, सांगितलंस का गावाला?"

"सांगतो अप्पा. सगळ्यांसमोर सांगतो."

"मी असताना सांग. लई मजा यील."

तेवढं जमलं नाही, अप्पा. पण सगळे समोर आहेत.

तर ऐका. लाईन चांगली होती. पहिल्या दिवसापासून चांगली होती. चूक माझी होती, सहाशे सेकंदांची, माझ्या हातची.

बोललो. शोकसभेत असं म्हणू नये, पण आज हलकं वाटतंय. शांताताई, तुम्ही हसताय. म्हणजे वडिलांनी घरी सांगितलं होतं तर!

आता दोन मिनिटं उभं राहू. कुणी काही बोलायचं नाही. गप्प झालं म्हणजे पलीकडं कुणी नाही, असं माझ्या मशीनला वाटायचं. आपल्याला तसं वाटायचं कारण नाही.

अप्पा, लाईन चालू आहे. तुमचाच नमस्कार तुम्हाला: शरणार्थ.