मिशीवरचा चुरा

रक्त तपासायच्या रांगेत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान पुढच्या बाकाकडे लागले होते. तिथे नात आजोबांसोबत परीक्षेची उजळणी करत होती.

"आजोबा, पचन कुठून सुरू होतं?"

"पोटातून."

"चूक! तोंडातून. तुमचं तर मिशीपासूनच. हा बिस्किटाचा चुरा कसला?"

"हळू बोल गं."

"रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं ना?"

"विसरलो बुवा. आता उद्या येऊ. चल घरी."

"विसरलात, की सुईला घाबरलात?"

"मी? छट्!"

"मग गुडघे का थरथरताहेत?"

"हाडं म्हातारी झाली."

"हाडं नाही, मज्जासंस्था. भीतीचा निरोप तीच पोचवते."

"आजीला सांगशील?"

"नाही. उद्या सुई टोचताना मी तुमचा हात धरीन."

"शहाणी माझी."

"पण बिस्किटांचा डबा आज माझ्या उशाशी."