हातात धरता येतं का?

...न्हाई, पण मी म्हणतो, दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, लाईटबिल माझ्या नावावर, अन् माझ्याच कामाला बसायला परवानगी कुणाची? ढगातल्या कंपनीची! तुम्हाला सांगतो, मी श्रीशैल, लातुरात लग्नाच्या अन् क्लासच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. आता इथं गल्लीगणिक क्लास, तवा काम लई! पण ज्या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग होतं ना, त्याच्यासंगं पहिले एक डोंगल यायचं. अंगठ्याएवढी वस्तू! कॉम्प्युटरच्या मागं खुपसली की सॉफ्टवेअर चालू, काढली की बंद. किल्लीच म्हणा की!

आमची आई, पार्वतम्मा, दर खंडेनवमीला कॅमेऱ्याला एक फूल वाहायची अन् डोंगलला अख्खा हार! हळद, कुंकू, विभूती... मी वरडायचो, "आई, आत जाईल गं कुंकू!" तर म्हणायची, "जाऊ दे. तुझ्या पोटात भाकर त्याच्यामुळंच जाती का न्हाई?"

मग एक दिवस कंपनीवाल्याचा फोन. आवाज असा गोड, "सर, आता डोंगलची कटकटच नाही! टाकून द्या ते. लायसन ऑनलाइन, सगळं क्लाऊडवर!" मी म्हणलो हाव. मला काय माहीत? घरी सांगितलो तर आई म्हणती, "क्लाऊड म्हंजे?"

"ढग."

"हातात धरता येतं का?"

"न्हाई."

"मग नवमीला हळद कुठं लावू? वर फेकू?"

आता आईचं हे असं का, तर ती भूकंपातली बाई. त्या दिवशी घरातून जे हातात धरून पळता आलं तेवढंच वाचलं... म्हंजे मी. तवापासून दाराशी एक पिशवी टांगलेली, बाहेर निघाली तरी संगंच, तिच्यात राशन कार्ड, बॅटरी अन् काय काय. रस्त्यानं ट्रक गेला, भांडं वाजलं, की पिशवी खांद्याला अन् माझा दंड हातात! पस्तिशीचा माणूस हो मी, गिऱ्हाइकासमोरून वढत नेती! लाज वाटती, पण खरं सांगू? तिनं दंड धरला की मला अजून बरं वाटतं.

तर क्लासवाल्या अमान सरांचा सत्कार समारंभ. पहिल्या आलेल्या पोरांची फिल्म. सरांचा दम, "श्रीशैल, पाच वाजता पडद्यावर दिसली पाहिजे, न्हाई तर पुढच्या सालापासून नांदेडचा मिक्सिंगवाला शारिक!" अन् नेमकं सकाळी गटारीवाल्या जेसीबीनं केबल तोडली! नेट गेलं. मोबाईलवर नुसती चकरी फिरून राहिली. अन् त्याच दिवशी सॉफ्टवेअरला आठवण आली... महिन्यातून एकदा ते नेटवरून तपासतं, तुम्ही तुम्हीच का म्हणून, तवर उघडतच न्हाई! आता मी मीच हाय, समोर बसलोय, सांगू कुणाला? हेल्पलाइनला फोन लावलो. "आपली अडचण समजली सर. कृपया वेबसाइटवर तक्रार नोंदवा." "बाई, नेटच न्हाई!" "त्यासाठी वेबसाइटवर वेगळा पर्याय आहे सर..."

मी डोकं धरून बसलो. आता वर्षभराचं काम गेलं नांदेडला! तेवढ्यात आई डबा घेऊन आली. सगळं सांगितलो. तिनं खांद्यावरची पिशवी सोडली, बॅटरीच्या खालून एक फडकं काढलं, अन् फडक्यात... डोंगल! हळदीकुंकवानं माखलेलं! "टाकून द्या म्हणला व्हता ना तो? हातात धरता येतंय ते मी टाकत नसते."

टाचणीनं कुंकू खरडलो, कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला, जुनं सॉफ्टवेअर त्याच्यात अजून व्हतं, खुपसलो... हिरवा दिवा लागला हो! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. नव्यात केलेलं जुन्यात उघडत न्हाई, म्हणून सगळी फिल्म पहिल्यापासून जोडलो. पाच वाजता पडदा चालू! पोरांच्या आया रडल्या, सर हसले, शारिक राहिला नांदेडातच.

तवापासून मी जुन्यावरच हाय. पण डोंगल राहतं आईच्या पिशवीत. सकाळी मागायला गेलो की, "आंघोळ केलास का? विभूती लावलास का? पायताण बाहेर काढलास का?" सगळ्याला हाव म्हणलं तरच हातात देती, न्हाई तर लायसन बंद! कंपनी बिचारी महिन्यातून एकदा विचारत व्हती हो... ही रोज विचारती, अन् हिचं नेट कधी जातच न्हाई!