अडवलेल्या पेनल्टीचा गोल

आमचं गाव रावेरकडचं, तापीच्या काठचं. आजा केळीवाला, बाप केळीवाला, मीबी केळीतच मोठा झालो असतो, पण मामानं मले शाळेसाठी भुसावळले नेलं आन तठी मैदानावर मोठमोठी माणसं चड्ड्या घालून फुटबॉल खेळताना पाह्यली नी मी बिघडलो, असं माहा बाप शेवटपर्यंत म्हने. काय सांगू तुम्हाले, अनवाणी खेळायचो, अंगठ्याचं नख कधी जागेवर नसायचं, नी पुढं एकदा असा पडलो का गुडघाच गेला. खेळणं सुटलं पण मैदान काही सुटेना, मंग जळगावले जाऊन रेफ्रीची परीक्षा दिली. पास झालो तर बापाले सांगायले गावी गेलो. बाप म्हने, म्हंजे बाकीच्यांइतकंच पळायचं नी बॉलले पाय लावायचा नही? म्हटलं हो. म्हने, आन वरून दोन्हीकडच्या शिव्या खायच्या? म्हटलं हो. तो आईकडे पाहून म्हने, याच्यासाठी लवकर पोरगी पाहा, हे हातचं चाललं.

मंग दीपनगरले विजेच्या कारखान्यात नोकरी लागली, पाण्याच्या प्लांटवर, आन पोरगीबी पाह्यली, एरंडोलची, हीच आमची सुमन. हिची मोठी बहीण कमलअक्का दीपनगरलेच दिलेली व्हती, तिचा नवरा प्रल्हादभाऊ कोळशाकडे कामाले. म्हंजे तो माहा साडू, मोठा साडू. क्वार्टर शेजारी-शेजारी, मधी एकच भिंत, दोघी बहिणी त्या भिंतीवरून वाट्या देत-घेत राहायच्या, हिवाळ्यात भरीत अठी भाजलं तरी वास तठी नी खाणं दोन्हीकडे. प्रल्हादभाऊचे हात म्हंजे सुपडी, बापा. उंच माणूस, हसला का तीन क्वार्टर पलीकडे ऐकू जाये, आन रुसला का आठ-आठ दिवस पाणी मागायलेबी बोलत नसे. मी त्याले म्हटलं, भाऊ, या हातांनी कोळसा काय पाहाता, गोलात उभे राहा. तो म्हने, मले काय येते त्यातलं? म्हटलं, शिकवतो.

आन तठीच चुकलं माहं. आते तुम्ही म्हनाल शिकवलं ते काय चुकलं, तर ऐका. आमच्या कॉलनीत फुटबॉलची हौस लय, पण शिफ्ट ड्युटी, कोणी सकाळपाळीले, कोणी दुपारपाळीले, कोणी रातपाळी करून झोपलेलं, बावीस माणसं एका टायमाले कधी गोळाच नही व्हायची. सहा-आठ जणं यायची. त्यांची मॅच काय करनार? मंग आम्ही पाच-पाच खेळायचो. पेनल्टीच्या जागेवर बॉल ठेवायचा, पाच या बाजूनं मारायच्या, पाच त्या बाजूनं, गोलात प्रल्हादभाऊ. त्यानं बॉल अडवला का मी ओरडायचो, संपलं! म्हंजे ती पेनल्टी खलास, त्या बॉलले परत पाय लावायचा नही. आन तो बॉल तठीच टाकून गोलाच्या खांबाले एक चक्कर मारायचा, साऱ्यांच्या हातावर टाळ्या देत. अशी ती रीतच पडली. वर्षानुवर्षं, रोज संध्याकाळी, अडवला, संपलं, चक्कर. लय सुखाचे दिवस व्हते हो ते. घामानं भिजलेलं अंग, कमलअक्काच्या हातचा चहा, नी दोघं साडू ओट्यावर पाय पसरून.

कॉलनीत स्पर्धा सुरू झाली, बाहेरच्या टीमा यायले लागल्या, जळगावची, धुळ्याची. आमच्या टीमचं गणित साधं व्हतं, सारे मागं उभे राहायचे, गोल होऊ द्यायचा नही, बरोबरीत सोडवायची, जादा टाइमबी असाच काढायचा, नी मंग पाच-पाच. पाच-पाचमधी प्रल्हादभाऊले कोण हरवनार? दोन वर्षं लागोपाठ कप आमच्याकडेच. बाहेरची माणसं कुरकुर करायले लागली, म्हने हे दीपनगरवाले खेळतच नहीत, नुसते थांबतात. आन खरं सांगू, ते खोटं नव्हतं. मले रेफ्री म्हणून लाज वाटायची. त्याच वर्षी पेपरात वाचलं का मोठ्या देशांच्या मॅचमधी नवा नियम आला, जादा टाइममधी जो पहिला गोल करीन तो जिंकला, मॅच तठीच खलास. मी ते कात्रण घेऊन कमिटीकडे गेलो. म्हटलं, हा नियम लावा, म्हंजे कोणी थांबनार नही. कमिटी हो म्हने. प्रल्हादभाऊ मात्र ओट्यावरून उठला. म्हने, रघू, तू माह्या हातातलं काढून घेऊ राह्यला. म्हटलं, भाऊ, तुमचे हात कोण काढनार. तो हसला नही.

त्या वर्षीची फायनल आमची नी धुळ्याची. धुळेवाले आपण होऊन म्हने, रेफ्री रघुभाऊच पाहिजे, तो त्याच्या बापाचीबी बाजू घेनार नही. मले अभिमान वाटला, खोटं कायले बोलू. मॅच शून्य-शून्य. जादा टाइमची पहिली पंधरा मिनिटं गेली, शून्य-शून्य. दुसरी पंधरा सुरू झाली, नी थोड्याच वेळात आमच्याच एका खेळाडूचा हात लागला बॉलले, गोलाच्या अगदी समोर. मी पेनल्टी दिली. नही देऊन कसं चालीन, हात मले दिसला व्हता.

धुळ्याच्या खेळाडूनं मारली, जोरात, उजवीकडे, नी प्रल्हादभाऊनं अशी उडी घेतली का मी जन्मात तशी पाह्यली नही. अडवला! बॉल रेघेच्या अलीकडे दोन हातांच्या अंतरावर येऊन थांबला. आन प्रल्हादभाऊ उठला, बॉल तठीच टाकला, नी खांबाले चक्कर मारायले पळाला, दोन्ही हात वर. साऱ्या कॉलनीनंबी हात वर केले. कोणाच्या ध्यानातच आलं नही का ही पाच-पाचमधली पेनल्टी नही, ही मॅचमधली हाये, बॉल जिता हाये, खेळ चालूच हाये. माह्या आलं. माह्या तोंडात आलं का ओरडावं, भाऊ, बॉल! पण रेफ्रीनं ओरडायचं नसते. त्या धुळ्यावाल्यालेबी आधी समजलं नही, तो डोकं धरून उभा व्हता, मंग त्यानं माह्याकडे पाह्यलं, मी शिट्टी वाजवली नही हे पाह्यलं, नी हळूच पुढं येऊन पायानं बॉल आत ढकलला. पहिला गोल. मॅच खलास. मी शिट्टी वाजवली नी मधल्या रेघेकडे हात केला, आन प्रल्हादभाऊ तिकडे खांबामागं अजून हसतच व्हता. त्याले वाटलं जिंकलो आपण. त्याचं ते हसणं कसं उतरलं ते मी पाह्यलं, आन ते पाहाणं देवानं मले द्यायले नको व्हतं.

लोक मले काय काय बोलले ते सोडा. मी त्या दिवशी घरी गेलो तर शेजारचं दार उघडं व्हतं. मी मान खाली घालून माह्या घरात शिरलो. म्हटलं, रुसला असीन, आठ दिवस जाऊ द्या. आठाचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. सात-आठ वर्षं, बापा! एक भिंत मधी, नी साडू साडूशी बोलत नही. दोघी बहिणी वाट्या देत राह्यल्या, एकमेकींसमोर रडत राह्यल्या. त्याच्या पोरीच्या लग्नात मी वाढपी म्हणून राबलो, त्यानं माह्या पानात स्वतः जिलेबी वाढली, पण शब्द नही. शिट्टी तर मी त्या मॅचनंतर परत हातात धरली नही.

मंग एक दिवस सकाळी मी दाढी करू राह्यलो व्हतो, तर हा दारात. केस पांढरे, हातात पेपर. आत आला, खुर्ची ओढली, नी म्हने, वाच. मी चष्मा शोधू राह्यलो तर त्यालेच धीर निघेना, म्हने, अरे तो नियमच काढून टाकला साऱ्या जगानं, पहिल्या गोलचा, आते जादा टाइम पुरा खेळायचा. मी तसाच फेसाचं तोंड घेऊन उभा. तो म्हने, म्हंजे आपली मॅच अर्धीच राह्यली म्हन ना, बारा मिनिटं बाकी व्हती. माह्या तोंडातून निघून गेलं, बारा नही भाऊ, अकरा. तो म्हने, बारा. म्हटलं, घड्याळ माह्या हातात व्हतं. आन मंग तो जो हसला, तीन क्वार्टर पलीकडे गेलं असीन, नी हसता हसता त्याच्या डोळ्याले पाणी. सुमन चूल सोडून पळत आली, तिले वाटलं भांडू राह्यले.

मी म्हटलं, भाऊ, मीच तुमाले पाच-पाचची सवय लावली, नी मीच तुमाले त्याच्यात पकडलं. तो म्हने, गोल दिला त्याचा मले राग नव्हता रे, बॉल आत गेला म्हंजे गोलच, पण मी त्या दिवशी दार उघडं ठेवून बसलो व्हतो, का रघू येईन, नी तू खाली मान घालून निघून गेला. काय सांगू तुम्हाले. इतकी वर्षं मी समजत व्हतो तो रुसला, नी तो समजत व्हता मी अकडलो.

आते दोघंबी रिटायर, भुसावळले घरं बांधली, शेजारीच, भिंत मात्र बांधली नही. गुडघा माहा गेलेलाच, त्याचे कान गेले. रोज चार वाजता येतो. ते पाहा, फाटक वाजलं, आलाच तो. तुम्ही त्याले विचारा, मॅचची किती मिनिटं बाकी व्हती, तो बारा म्हनीन. मघाशी मी सांगितले ते अकरा तुमच्या वहीत लिहिले ना? खोडा ते. बारा लिहा.