पोरीकडे सोताचे ड्रम हायेत

काय सांगू तुमाले, मी अकोल्याची, भाजीपालावाल्याची पोट्टी, आन् अकोल्यात नळाले पानी रोज कुठी येते, म्हनून आंगनात जिकडं पाहा तिकडं पान्याचे ड्रम. पानी संपलं का मी ते पालथे करू करू बडवो. माय म्हने, अवो कान फुटले ना माये, पन बाबा म्हने वाजवू दे तिले, हात तरी मोकळा होते. दिवसभर मेथीच्या जुड्या बांधू बांधू आमचे हात आखडून जात ना. बाबा सोता भजनात खंजेरी वाजवत, मोझरीच्या आश्रमातही जाऊन येत, ठेका त्याईनंच शिकवला मले.

मंग कॉलेजात पोट्ट्याइनं रॉक बॅन्ड काढला. लांब केसाचा अंकित गाये, सुमेध गिटार वाजवे, एक बेसवाला होता, ड्रमले कोनी भेटे ना तं मले घेतलं. हे अंकित आन् सुमेध रोज भांडत. हा म्हने तुया आवाज कमी कर, तो म्हने तू बेसुरा, आन् मंग दोघंही मागं वळून म्हनत, तूच सांग वो ताई. मी काहून सांगू? मी काड्या वाजवो, एक दोन तीन चार, का झक मारून सुरू होत. ड्रमवाल्याचं कामच ते बाप्पा, बाकीच्याइनं रुसावं, उड्या माराव्या, आपुन ठेका सोडायचा नाई. लोकाइले वाटते ड्रमवाले सनकी असतात. राग येते मले, लय येते, पन तो मी पायानं खालच्या मोठ्या ड्रमवर काढून टाकतो.

मंग अमरावतीचं स्थळ आलं. चहा-पोहे झाले, सासूबाईनं इचारलं, पोरगी काय करते? बाबा मोठ्या कौतुकानं म्हने, नोकरी हाय, आन् पोरीकडे सोताचे पाच ड्रम हायेत, संगं घेऊनच येईन. सासूबाई अशा खूश! म्हने, झाकनाचे हायेत ना? बाबाले वाटलं झांजाइचं इचारून राह्यल्या, म्हने, हो ना बाई, झाकनं तं पितळेचे हायेत. झालं, तिथंच सुपारी फुटली.

लग्नानंतर गाडीतून ड्रमसेट उतरला तं सासूबाई पाहातच राह्यल्या. गल्लीभर सांगून ठेवलं होतं ना, सून ड्रम आनून राह्यली म्हनून, शेजारनी गोळा झालेल्या. म्हने, अवो, याच्यात पानी कुठी रायते? माया नवरा हासू हासू भिंतीले टेकला, आन् मले रडू फुटलं. सासूबाई भडकल्या, फसवलं म्हने आमाले, बॅन्डवाली सून देली. सेट गेला चादरीखाली. नवरा म्हने मी आईले समजावतो, पन आईपुढं तो मांजर. तिकडं पोट्टे लॅपटॉपवर ठेका लावून गाऊन राह्यले होते. सुमेधचा फोन आला, म्हने मशीन काही चुकत नाई, पन ते आमच्याकडं पाहात नाई वो ताई. माया जीव तुटला ना. हे सुटलं तं मी कोन मंग, सांगा?

मंग मी सासूबाईले साफ सांगतलं, आई, एक डाव येऊन आयका, नाई पटलं तं सेट इकून टाकतो. त्या म्हने, येतो, पन मले नाई पटलं तं बात खतम.

अमरावतीतच आमच्या बॅन्डचा संध्याकाळचा प्रोग्राम होता. सासूबाई पयल्या लाइनीत, शेजारनीसंगं. पयल्याच गान्यात अंकित ओळ इसरला, सुमेधनं डोळे वटारले, तिथंच जुंपली असती, पन मी ठेका तसाच धरून ठेवला, मानेनं इशारा केला, आला गडी जागेवर. पन मायं सारं ध्यान सासूबाईकडं. त्या मान इकडं करत, तिकडं करत, शेजारनीच्या कानात काही सांगत, तोंड आंबट. मनात मनलं, गेलं आपलं. गानं संपलं, टाळ्या थांबल्या, आन् सासूबाई उठून उभ्या राह्यल्या, अख्ख्या हॉलले आयकू जाईन असा आवाज, अरे ओ केसवाल्या, बाजूले सरक ना! आमची सून दिसून नाई राह्यली!

सरकला बाप्पा अंकित. माये डोळे असे भरून आले का काड्या दिसे ना, तशीच वाजवत राह्यली.

आता मी रविवारी प्रॅक्टिसले अकोल्याले जातो तं डबा त्याच बांधून देतात, आन् घरी वाजवलं का बोंबलतात, दुपारचं तं झोपू दे वो! बोंबलू द्या. देव त्याईले लय उमर देवो, आन् आवाज असाच राहू देवो.