पेनड्राइव्ह कोणी लावला?

भुताले मी कधी भेलो नाही, पण त्या दिवशी एका फोननं माझी बोबडी वळवली.

माझी पुतणी मनीषा तिवस्याले घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. कंपनीतली काही माणसं म्हणे हजारो लॅपटॉपवर नजर ठेवून राहतात. म्या म्हटलं, "आमाले मचाणावर बसून समोरच्या तुरीतलं डुक्कर दिसत नाही, अन् त्यायले पुण्यातून तिवसा दिसते?" ती चहा आणाले गेली, तसा म्या माझा भजनाचा पेनड्राइव्ह तिच्या लॅपटॉपले लावला.

टाळ वाजायच्या आतच स्क्रीनवर लाल पाटी आली अन् फोन वाजला. मनीषानं धावत येऊन तो स्पीकरवर घेतला.

"मॅडम, आत्ता पेनड्राइव्ह कोणी लावला? त्यात व्हायरस आहे. तुमचा लॅपटॉप आम्ही कंपनीच्या नेटवर्कपासून तोडलाय."

मनीषा पांढरीफटक पडली. "काकाजी, गेली माझी नोकरी!"

म्या फोन ओढला. "बाई, म्या लावला. पोरीले काही करू नका. पण एवढ्या हजारोत मीच कसा दिसलो तुमाले?"

तिकडची बाई हसली. "दिसतात सगळेच, काका. मॅडमची नोकरी जात नाही. पण 'मी लावला' म्हणणारे तुम्ही पहिलेच."