गोठ्यापर्यंत गेलेला पखवाज

आवाजांचा मेळ कसा साधावा, हे मी एकाहत्तर साली केडगावच्या आमच्या घरात एका दुपारीच शिकले, बरे का! माझी नणंद कुसुम हिच्या अभंगाची टेप चारच्या एसटीने पुण्याला, गायनस्पर्धेच्या निवडीसाठी जायची होती. टेपरेकॉर्डर मागून आणलेला आणि माईक एकच. पहिल्या खेपेस पखवाजापुढे कुसुम ऐकूच येईना. ती रडकुंडीला आली.

पखवाजावर देवळातल्या भजनाचे महादूबुवा होते. मी म्हटले, "बुवा, हात जरा हलका ठेवावा."

"हात हलका केला की ताल मरतो, वहिनी. न्हाई जमायचं."

"मग हात तसाच राहू द्या. तुम्ही उठा!"

बुवा ओसरीवर गेले, तरी पखवाज वरचढच. अंगणात गेले, तरी थोडा जास्तच. अखेर साडेतीनला त्यांना गोठ्याच्या दाराशी बसवले आणि काय सांगू! कुसुमचा शब्द न् शब्द स्वच्छ, आणि मागे पखवाज अगदी बेताचा!

टेप ऐकून बुवा हरखूनच गेले. "लई ग्वाड वाजवतो की मी! वहिनी, येत्या एकादशीला देवळातबी मला भाईरच बसवा."