दोन नंबरचं बटण

टायर बदलून होईपर्यंत व्हर्ना डलुथ शहरातल्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये विणत बसली होती. शेजारी एक म्हातारी आणि तिचा भाऊ नव्या गाडीच्या कागदांवरून हुज्जत घालत होते.

"मर्ल, हा फरकाचा विमा घेऊ का रे?"

"कशाला? गाडी गेली तर विमावाले त्या दिवसाची किंमत देतात. कर्ज त्याहून जास्त उरलं, तरच हा विमा वरचा फरक भरतो. तू तर अर्ध्याहून जास्त रोख भरतेयस, आर्लिस. फरक पडणारच नाही."

"मागच्या वेळी पडला."

"मागच्या गाडीवर कर्जच नव्हतं! हरीण आडवं आलं, गाडी भंगारात गेली, पैसे चोख मिळाले."

"त्या गाडीत सीटचं दोन नंबरचं बटण दाबलं की सीट माझ्या नवऱ्याच्या, हाल्वरच्या मापाने मागे सरकायची. तो गेल्यावरही मी आधी दोन दाबायचे, मग माझं एक."

"अगं, ते कुठला विमा भरून देणार?"

"विचारायला काय जातं? ह्या गाडीला आहे का दोन नंबर?"

"आहे. रिकामा आहे."

"राहू दे रिकामाच."

"हाल्वर माझ्याच उंचीचा ना?"

"चल! चांगला चार बोटं उंच होता."

"टाचा उंचावून! त्या विम्यावर काट मार, मी आलोच."

काचेपलीकडे मर्ल नव्या गाडीचं दार उघडून आत बसला आणि दोन नंबरच्या बटणात माप भरायला त्याने सीट मागे घेतली. आर्लिसने काचेवर टकटक करून चार बोटं दाखवली. मर्लचे पाय पेडलपर्यंत पुरेनासे झाले, तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला.